हद्द सरकली की करारही सरकतो का?

सोलापूरहून हैदराबाद रस्त्याला लागलं की तासाभरात नळदुर्ग येतं. आज या वाटेवर फक्त जिल्हा बदलतो. सप्टेंबर 1948 पर्यंत राज्यच बदलायचं. नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा हा सगळा पट्टा निजामाचा. कोजागरीला चालत निघालेला सोलापूरकर भवानीच्या दारात पोचायच्या आधीच परराज्यात शिरलेला असायचा. तिथला करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका वेगळा, निजामाचं नाणं म्हणजे हाली सिक्का वेगळा, फौजदारही वेगळा. दुसऱ्या अंगाला अक्कलकोट, ते भोसल्यांचं संस्थान. मंगळवेढा सांगलीच्या पटवर्धनांकडं. आणि मधोमध सोलापूर, 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यापासून इंग्रजांचं. अशा जागी गुन्हा करून परमुलखात पसार व्हायला आगबोट लागत नाही, धड पाय पुरतात.

आज प्रत्यार्पण म्हटलं की लंडनला जाऊन बसलेले कर्जबुडवे डोळ्यांपुढं येतात. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी हा विषय इथून दीड-दोन तासांच्या बैलगाडीवर होता.

आपल्या हद्दीत सापडलेला आरोपी दुसऱ्या राज्याच्या हवाली करणं म्हणजे प्रत्यार्पण. त्याला दोन गोष्टी लागतात. एक, दोन राज्यांमधला करार. दुसरी, तो करार अंमलात आणणारा घरचा कायदा. मॅजिस्ट्रेटला करार वाचून कुणाला बेड्या घालता येत नाहीत. त्याला कायद्याचं कलम लागतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं बहुतेक गाड्या याच फाटकावर अडल्या आहेत.

आता मूळ प्रश्न. दोन राज्यांनी करार केला. वीस वर्षांनी त्यांतल्या एकानं नवा मुलूख जिंकला, विकत घेतला किंवा भाडेपट्ट्यानं घेतला. करारात त्या मुलखाचं नाव नाही, असायचं कारणही नाही. मग तिथं दडून बसलेला आरोपी जुन्या करारावर मागता येतो का? किंवा तिथं गुन्हा करून दुसरीकडं पळालेला? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा प्रश्न सारखा उठायचा, कारण नकाशे सारखे फुगत होते. इंग्रजांनी 1885-86 मध्ये वरचा ब्रह्मदेश गिळला, 1898 मध्ये हाँगकाँगला लागून असलेला नवा प्रदेश 99 वर्षांच्या पट्ट्यानं घेतला. त्याच वर्षी अमेरिकेनं स्पेनकडून पोर्तो रिको आणि फिलिपिन्स मिळवले. फिलिपिन्सपोटी 2 कोटी डॉलर मोजले.

उत्तराची मुळं शेताच्या बांधावर सापडतात. समजा तुमचा आणि शेजाऱ्याचा शब्द झाला आहे की एकमेकांची चुकार जनावरं शेतात सापडली तर कोंडवाड्यात न घालता परत करायची. पुढं तुम्ही ओढ्यापलीकडची चार एकर विकत घेतली आणि शेजाऱ्याची म्हैस तिथं सापडली. शब्द तुम्ही दिला होता, गट नंबरनं नव्हे. तेव्हा म्हैस परत करावी लागणार. पण ती चार एकर तुम्ही खंडानं करत असाल, सातबारा तिसऱ्याच्याच नावावर असेल, तर मामला बदलतो. आणि मुळातला शब्दच ‘फक्त विहिरीजवळच्या तुकड्यापुरता’ असेल, तर नव्या शेताचा त्याच्याशी काहीच संबंध नाही.

जगाचा कायदा साधारण याच वाटेनं जातो. कराराच्या कायद्याविषयीच्या 1969 च्या व्हिएन्ना करारनाम्याचं कलम 29 म्हणतं की वेगळा हेतू दिसत नसेल तर करार प्रत्येक देशाला त्याच्या संपूर्ण प्रदेशापुरता बांधतो. ‘संपूर्ण’ म्हणजे सही झाली त्या दिवशीचा नकाशा नाही. आज जो आहे तो. राज्यांच्या वारसाहक्काविषयीचा 1978 चा दुसरा व्हिएन्ना करारनामा कलम 15 मध्ये हेच उलगडून सांगतो. एखादा तुकडा एका देशाकडून दुसऱ्याकडं गेला की जुन्या मालकाचे करार तिथून उठतात आणि नव्या मालकाचे बसतात. वकील मंडळी याला करारांच्या सरकत्या हद्दीचा नियम म्हणतात. नियम लेखी आला तो विसाव्या शतकात, पण वहिवाट त्याहून पुष्कळ जुनी.

इंग्रजांनी तर करारातच सोय करून ठेवली होती. 1870 च्या त्यांच्या प्रत्यार्पण कायद्यानंतर जे करार झाले त्यांत बहुतेक ठिकाणी एक कलम असायचं: या तरतुदी दोन्ही पक्षांच्या वसाहती आणि परदेशी मुलखांना लागू. वसाहतींची यादी नाही, फक्त जात सांगितलेली. त्यामुळं नवी वसाहत जोडली गेली की ती आपोआप त्या जातीत मोडायची. घरच्या बाजूला 1870 च्या कायद्याचं कलम 17 तो कायदा ब्रिटिश मुलखांना लावून द्यायचं. करार आणि कायदा दोन्ही जागेवर. इतकंच असतं तर लेख इथं संपवता आला असता.

सातबारा कुणाच्या नावावर?

खरी भांडणं होतात ती ताबा एकाकडं आणि मालकी दुसऱ्याकडं असते तेव्हा. त्याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको, नळदुर्गच घ्या.

हैदराबाद कन्टिन्जंट नावाची फौज होती. निजामाच्या नावानं, निजामाच्या पैशानं आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमानं चालणारी. तिच्या खर्चाची बाकी वाढत गेली आणि 1853 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं त्या बाकीपोटी तीन तुकडे आपल्या कारभाराखाली लावून घेतले: वऱ्हाड, रायचूरचा दोआब आणि आपला धाराशिव-नळदुर्गचा पट्टा. नळदुर्गला डेप्युटी कमिशनर म्हणून मेडोज टेलर आला. म्हणजे किल्ल्यात कारभार इंग्रजाचा, सारा वसूल करणारा इंग्रज, न्याय करणारा इंग्रज, आणि मालकी मात्र कागदोपत्री निजामाचीच. सात वर्षांनी, 1857 मध्ये निजामानं साथ दिली म्हणून, 1860 च्या तहात नळदुर्ग आणि रायचूर परत दिले गेले. पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं आणि खालसा केलेलं सुरापूरही निजामाला मिळालं. वऱ्हाड राहिलं ते राहिलंच. 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर ते कायमचं भाड्यानं घेतलं, तरी निजामाचं स्वामित्व कागदावर मान्यच होतं.

या सात वर्षांत नळदुर्गात कुणी फरारी लपला असता तर तो ब्रिटिश मुलखात होता की परमुलखात? वऱ्हाडाबाबत इंग्रजांनी स्वतः जी पद्धत ठेवली तीच याचं उत्तर देते. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे वऱ्हाडात आपसूक लागू होत नसत; ते वेगळ्या अधिसूचना काढून लावावे लागत. कारभार पूर्ण हातात, तरी कायद्याच्या नजरेत प्रदेश परका. ज्यांच्या हातात सगळी सत्ता होती त्यांनाही हा फरक पाळावा लागला, ही मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

हाच फरक कुणी पाळला नाही तर काय होतं, हे एका रेल्वे स्टेशनानं दाखवलं. निजामाच्या राज्यातून जाणाऱ्या रेल्वेच्या पट्टीवरचा अधिकार निजामानं इंग्रजांना दिला होता. सोलापूरहून वाडीकडं जाणाऱ्या गाडीतला माणूस मुलखानं निजामाच्या राज्यात असायचा आणि रुळांवर इंग्रजी अधिकारात. शिमल्याच्या मॅजिस्ट्रेटनं काढलेल्या वॉरंटवर निजामाच्या राज्यातल्या अशाच एका स्टेशनावर महंमद युसुफुद्दीन याला पकडलं. आरोप लाचेचा, रेल्वेशी त्याचा काडीचा संबंध नाही. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत गेलं आणि 1897 मध्ये कौन्सिलनं ती अटक बेकायदा ठरवली. निजामानं अधिकार दिला तो रेल्वेच्या कामापुरता, म्हणून स्टेशन काही ब्रिटिश भूमी होत नाही. पाहिजे होता तर हैदराबाद सरकारकडं रीतसर मागायचा. 1867 पासून इंग्रज आणि निजाम यांच्यात प्रत्यार्पणाचा करार होताच.

अमेरिकेची गंमत याच सुमाराची आहे. स्पेननं 1898 मध्ये क्यूबावरचा हक्क सोडला, पण तो अमेरिकेला दिला नाही. 1 जानेवारी 1899 पासून बेटावर अमेरिकी लष्कराचा कारभार सुरू झाला. हवानाच्या पोस्ट खात्यात पैशाचा व्यवहार पाहणारा नीली नावाचा अमेरिकी अधिकारी सरकारी रकमेच्या अपहाराच्या आरोपात न्यूयॉर्कला पकडला गेला. त्याला क्यूबाला पाठवायचं कोणत्या आधारावर? क्यूबाशी करार नाही, कारण क्यूबा नावाचं सरकारच उभं नव्हतं. स्पेनशी झालेला जुना करार इथं निरुपयोगी, स्पेन निघून गेलेला. अमेरिकी संसदेनं 6 जून 1900 ला खास कायदा केला: अमेरिकेच्या ताब्यातल्या परक्या प्रदेशात गुन्हा करून आलेल्याला तिथं परत पाठवता येईल. नीली म्हणाला, क्यूबा परका कुठं आहे, तिथं तर आमचंच सैन्य बसलंय. सुप्रीम कोर्टानं जानेवारी 1901 मध्ये त्याचं म्हणणं फेटाळलं. सैन्य असेल, कारभार असेल, पण मालकी नाही, म्हणून क्यूबा परकाच. आणि परका आहे म्हणूनच नवा कायदा त्याला लागू.

पोर्तो रिकोची कथा नेमकी उलटी. ते बेट स्पेननं अमेरिकेला रीतसर दिलं होतं. तरीही त्याच वर्षी मे महिन्यात त्याच कोर्टात एका न्यायमूर्तींनी लिहिलं की जगाच्या दृष्टीनं पोर्तो रिको परका देश नाही, पण घरच्या राज्यघटनेच्या दृष्टीनं तो परक्यासारखा. जकात वसूल करायला सोयीचं, नागरिकांचे हक्क द्यायला गैरसोयीचं! वसाहतवाल्यांच्या कायद्यात ही दुतोंडी रचना सगळीकडं भेटते. पण प्रत्यार्पणापुरतं पाहिलं तर करार बाहेरच्या देशाशी असतो, आणि बाहेरच्या देशाला घरातली ही वाटणी बघायची गरज नसते. त्याच्या लेखी ती अमेरिकी भूमी, म्हणून सरकत्या हद्दीचा नियम तिथं धरायला हरकत नाही.

साम्राज्याच्या आतलं वेगळंच. लंडनहून मुंबईला आरोपी आणायला इंग्रजांना करार लागतच नव्हता, दोन्हीकडं राजा एकच. त्यासाठी 1881 चा फरारी गुन्हेगार कायदा होता. सावरकरांना 1910 मध्ये लंडनला पकडून मोरिया बोटीवर चढवलं ते याच कायद्याखाली. 8 जुलैला त्यांनी मार्सेलिसला समुद्रात उडी घेतली आणि फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले. त्या क्षणी प्रकरण घरच्या कायद्यातून निघून दोन देशांच्या करारात शिरलं. फ्रेंच पोलिसानं रीतसर मागणीची वाट न पाहता त्यांना बोटीवर परत दिलं. प्रकरण हेगच्या लवादाकडं गेलं. 24 फेब्रुवारी 1911 च्या निवाड्यात लवादानं सोपवण्यात अनियमितता झाल्याचं मान्य केलं, पण त्यासाठी ब्रिटननं त्यांना परत द्यायलाच हवं असं नाही, असं ठरवलं. निवाडा कायद्यापेक्षा सोयीला धरून होता असं माझं मत. मात्र किनाऱ्यावरच्या थोड्या अंतरात माणसाचे हक्क किती बदलतात हे त्याहून स्पष्ट कुठं दिसत नाही.

राज्यच गेलं तर?

आता उलट बाजू. मुलूख वाढला तर करार पसरतो, मग करार करणारं राज्यच दुसऱ्याच्या पोटात गेलं तर? स्वातंत्र्यानंतर आपल्या कोर्टांपुढं हा प्रश्न लगेच आला, कारण संस्थानं एकामागून एक विलीन होत होती. अक्कलकोट 1948 मध्येच मुंबई प्रांतात आलं. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजेची मुख्य तुकडी सोलापूरहून निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं.

निकाल लागला तो राजस्थानातल्या टोंक संस्थानावरून. टोंक आणि इंग्रज यांच्यात 1869 चा प्रत्यार्पण करार होता. संयुक्त प्रांताचा एक अधिकारी, राम बाबू सक्सेना, टोंकमध्ये कारभारी म्हणून उसना दिला होता. नवाबाला सरकारी खजिन्यातून 14 लाख काढायला मदत करून त्याच्याकडून 3 लाख उकळल्याचा आरोप त्याच्यावर आला, तोवर टोंक राजस्थान संघात विरून गेलं होतं. सक्सेनाला नैनितालला पकडलं ते 1903 च्या हिंदी प्रत्यार्पण कायद्याखाली. इथं गंमत बघा. करार जिवंत आहे असं ओरडून सांगत होता तो आरोपी. कारण कराराच्या यादीत फसवणूक आणि खंडणी हे गुन्हे नव्हतेच, आणि कायद्यात असं कलम होतं की करारातल्या तरतुदींना या कायद्यानं बाधा येणार नाही. करार टिकला तर तो सुटला.

करार म्हणजे फरारी पकडायचा फास अशी आपली समजूत असते. पण यादीत नसलेल्या गुन्ह्यासाठी माणूस देता येत नाही, म्हणून तोच करार आरोपीची ढालही असतो. सुप्रीम कोर्टानं 1950 मध्ये ढाल काढून घेतली. टोंक नावाचं स्वतंत्र राज्यच उरलं नाही, त्याचा प्रदेश मोठ्या संघात मिसळला, तेव्हा 1869 चा करार अंमलात आणण्याजोगा राहिलेला नाही असं कोर्टानं म्हटलं. उरला कायदा, आणि कायद्याखालचं वॉरंट वैध ठरलं.

चार वर्षांनी काटा दुसरीकडं झुकला. सिंगापूरला तेव्हा इंग्रजांचीच सत्ता. तिथल्या विश्वासघाताच्या आरोपावरून मेनन नावाच्या वकिलाला आणि त्याच्या पत्नीला मद्रासला पकडलं, कायदा तोच 1881 चा. सुप्रीम कोर्टानं 1954 मध्ये सांगितलं की तो कायदा ब्रिटिश मुलखांच्या आपापसातल्या देवघेवीचा आहे, आणि प्रजासत्ताक भारत ब्रिटिश मुलूख राहिलेला नाही. म्हणून तो इथं चालत नाही. दोघं सुटले. कायद्यात पडलेलं हे भगदाड बुजवायला 1962 चा आपला प्रत्यार्पण कायदा यावा लागला.

म्हणजे साम्राज्याच्या काळचं सगळंच रद्द का? तसंही नाही. 1931 मध्ये लंडनला झालेला ब्रिटन-अमेरिकेचा प्रत्यार्पण करार हिंदुस्थानला लागू केला होता. नव्वदच्या दशकात एका आरोपीला अमेरिकेच्या हवाली करायची वेळ आली तेव्हा त्याच्या बाजूनं म्हटलं गेलं की तो गुलामीतला करार, आता कसला? सुप्रीम कोर्टानं रोझलिन जॉर्ज खटल्यात तो करार भारतावर बंधनकारक असल्याचं ठरवलं. फाळणीच्या वेळच्या व्यवस्थेनुसार भारतानं आंतरराष्ट्रीय करारांचे हक्क आणि जबाबदाऱ्या उचलल्या होत्या, आणि पुढंही दोन्ही सरकारं तो करार चालू समजूनच वागत होती. टोंक आणि भारत यांच्यातला फरक इथं आहे: टोंक विरघळलं, भारत चालू राहिला. नकाशा कापला गेला, राज्यपद्धती बदलली, तरी जगाच्या वहीतलं खातं तेच. अमेरिकेशी आपला स्वतःचा करार झाला तो 1997 मध्ये, तोवर हाच जुना करार चालला.

अमेरिकी सुप्रीम कोर्टानं 1902 मध्ये प्रशियाच्या 1852 च्या कराराबद्दल असंच म्हटलं होतं. प्रशिया 1871 मध्ये जर्मन साम्राज्यात गेली, पण दोन्ही सरकारं करार जिवंत मानतात, तेव्हा कोर्टानं तो मेला म्हणायचं काम आपल्याकडं घेऊ नये. तर्काच्या अंगानं प्रशिया आणि टोंक फार वेगळे नव्हते. फरक पडला तो सरकारांच्या वागण्यानं. करार चालू ठेवणारं कुणी उरलं आहे का, हे कोर्ट आधी बघतं, नकाशा त्यानंतर.

आणि शब्दांत बांधलेल्या कराराचं काय? शेताच्या उदाहरणातला तो विहिरीजवळचा तुकडा आठवा. इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी 1878 मध्ये व्यापार आणि प्रत्यार्पणाचा एक करार केला, तो दोघांच्या हिंदुस्थानातल्या मुलखापुरता. गोव्यातला फरारी बेळगावात सापडला तर त्याचा उपयोग. लिस्बनमधल्या फराऱ्याशी त्याचा संबंध नाही. असले करार जमिनीला चिकटलेले असतात. ती जमीन हातातून गेली की ते नव्या मालकाकडंही जात नाहीत आणि जुन्या मालकाबरोबर घरीही जात नाहीत.

अबू सालेम 2002 मध्ये लिस्बनला पकडला गेला तेव्हा भारत आणि पोर्तुगाल यांच्यात लागू असा प्रत्यार्पण करारच नव्हता. साडेचारशे वर्षं एकाच किनाऱ्यावर शेजारी राहूनही! मग त्याच वर्षी 1962 चा कायदा अधिसूचनेनं पोर्तुगालला लावला गेला, बॉम्बस्फोटविरोधी आंतरराष्ट्रीय करारनाम्याचा आधार घेतला आणि फाशी देणार नाही, पंचवीस वर्षांपेक्षा जास्त शिक्षा भोगायला लावणार नाही असा शब्द भारत सरकारनं दिला. नोव्हेंबर 2005 मध्ये तो मुंबईला आला, दोन देशांतला करार त्यानंतर 2007 मध्ये झाला. आणि 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं सरकारला सांगितलं की पोर्तुगालला दिलेला तो शब्द पाळावा लागेल, पंचवीस वर्षं भरली की त्याला सोडावं लागेल.